श्रुतिकाने निवडलेला कॅमशाफ्ट

श्रुतिकाच्या हाताला यश आहे, हे अंधेरीच्या एमआयडीसीत कोणीही सांगेल. तिचा थोरला भाऊ सुबोध तर उठता-बसता सांगायचा. गाळ्यात इंजिनं बांधायची ती, आणि त्या गाड्या शर्यतीत पळवायचा तो. पण त्या सकाळी टेबलावरचे दोन कॅमशाफ्ट बघून सुबोधसाहेबांचं डोकंच फिरलं.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे ठरवणारा दांडा. टेबलावरचा एक होता दांडगा. तो बसवला की उभी गाडीसुद्धा अशी धडधडते की पोरं मोबाइल काढून गोळा होतात. दुसरा मवाळ. श्रुतिकाने मवाळ उचलला होता.

"हा? नायट्रसच्या गाडीला हा?" सुबोध ओरडला. "अगं, लोक हसतील ना!"

"हसू देत. उथळ पाण्याला खळखळाट फार. नायट्रसचं बटण दाबलंस की तो गॅस इंजिनात घुसतो, आत जास्तीचं पेट्रोल जळतं, धूरही जास्त होतो. तो बाहेर पडायला ह्यात जादा वेळ आहे."

"ते मोठ्यातही मिळतं. मला शेंडी लावू नकोस."

त्याची घालमेल उगाच नव्हती. गाडी घाटकोपरच्या मिहिरची. सुबोध लागोपाठ हरत होता, आणि या खेपेला हरलास तर दुसरा ड्रायव्हर बसवीन, असं मिहिरने तोंडावर सांगितलं होतं.

श्रुतिकाने हात पुसले. गाळ्यात दुसरं कोणी नाही, हे बघून घेतलं. "दादा, मोठा कॅम इंजिनाचे मिनिटाला आठ हजार फेरे झाले की जागा होतो. तू तिथे जातोस कुठे? साडेसहा हजारालाच पुढचा गिअर टाकतोस. मी शर्यतीच्या पट्टीच्या कडेला उभी असते. मला ऐकू येतं रे."

सुबोधचा चेहरा पडला. गेल्या वर्षी भर वेगात त्याच्या समोर इंजिन फुटलं होतं. तेव्हापासून इंजिनाचा आवाज चढला की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आपोआप सुटायचा. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"हा साडेसहाच्या आतच सगळा जोर देतो," ती म्हणाली.

"मिहिरला बोललीस?"

"मी कशाला बोलू?"

काय पोरगी म्हणायची! वर्षभर ओठ शिवून बसली. टोमणा नाही, कीव नाही. भावाच्या भीतीचं माप घेतलं आणि त्या मापाचा दांडा शोधून आणला. सुबोधला लाज वाटली, पण त्याहून जास्त तिचं कौतुक वाटलं.

रविवारी पट्टीवर गाडी भाड्याच्या टॅक्सीसारखी शांत उभी होती. सगळा गराडा शेजारच्या धडधडणाऱ्या गाडीभोवती. हिरवा दिवा लागला, सुबोधने बटण दाबलं आणि त्याची पाठ सीटला चिकटली. गिअर त्याने नेहमीच्याच जागी टाकले. पण आज गाडी कुठेच ढिली पडली नाही. रेषा ओलांडली तेव्हा शेजारची गाडी आरशात होती.

मिहिर धावतच आला. "झकास! वाघ आहेस तू, वाघ! पुढच्या वेळी मोठा कॅम टाकू. काय गं श्रुतिका, घाबरलीस ना? म्हणून हा बसवलास."

"असेल," बॉनेट उघडता उघडता श्रुतिका म्हणाली.

गप्प राहिला असता तर सुबोधची सीट पक्की होती. त्याने हेल्मेट काढलं.

"ती नाही घाबरली, मिहिर. मी घाबरतो. साडेसहाच्या वर माझा पाय सुटतो. तिने ते ओळखलं आणि मला झेपेल असं इंजिन बांधलं. आजची शर्यत तिने जिंकलीय."

मिहिरचं हसू मावळलं. तो एकदा भावाकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिला.

"मग मोठा कशाला?" शेवटी तो म्हणाला. "पुढच्या वेळीही तुम्हा दोघांना हाच बरा."

श्रुतिकाने मान वर केली नाही. पण तिचे डोळे भरून आलेले सुबोधला दिसले.