संयोगिताचा टीव्ही

"आक्का, दिवसभर पैंजणाच्या कड्या जोडून कंटाळा येत न्हाय तुला?" कोल्हापुरात राजारामपुरीत राहणारी धाकटी बहीण संयोगिता हुपरीला आली की हेच विचारायची. दिवाळीला तिनं जुना टीव्हीच आणून माझ्यासमोर ठेवला.

आठवडाभर मी मालिका बघत कड्या जोडल्या. एरवी जोडीतली दोन्ही पैंजणं सारखी भरली की माझा दिवस सोन्याचा. आता वीस वर्षांत पहिल्यांदा एक पैंजण बोटभर लांब झालं, आणि दुपार सरता सरेना.

पुढच्या रविवारी संयोगिता रिक्षातून उतरली. त्याच रिक्षात मी टीव्ही ठेवला.

"बिघडला व्हय?"

"टीव्ही धड हाय. माझा हात बिघडला."

"मग कंटाळा आल्यावर काय करशील?"

"तो तुझाच हाय. टीव्हीसंगं त्यालाबी घेऊन जा."