हिरवं असायचं तवा बी

"आता बघा मॅडम, आता हाय," क्रांती फोनवर म्हणाली. "मी सेव्ह करते... गेलं! बघितलंत? परत गेलं."

प्रियदर्शनी मगदूमने फोन दुसऱ्या कानाला लावला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या आपल्या टेबलापाशी बसून ती क्रांतीच्या इचलकरंजीतल्या घरचा संगणक आपल्या पडद्यावर पाहत होती. ड्रॉइंगच्या फोल्डरवर लाल फुली उमटली होती. मागे कुठेतरी बाळ रडत होतं आणि कुणी म्हातारी लांबूनच त्याला चुचकारत होती.

"केबल लावलीयेस ना? वायफाय नाही?"

"केबलच हाय. तुम्ही सांगितलं ते सगळं केलंय."

ते खरं होतं. कास्टिंगच्या, म्हणजे लोखंडी ओतकामाच्या, या कारखान्यातले संगणक प्रियदर्शनी बघायची. तिथली सगळी ड्रॉइंग ऑफिसातल्या एकाच सामायिक फोल्डरमध्ये असत, आणि घरून काम करणाऱ्याला तिथवर पोचायला व्हीपीएनची वाट होती. क्रांती इतके दिवस ऑफिसात बसूनच काम करायची. सासूचं खुब्याचं हाड मोडलं, बाळाकडे बघायला कुणी उरलं नाही, म्हणून गेल्या आठवड्यापासून तिने घरून काम सुरू केलं आणि त्याच दिवसापासून हे फोल्डर असून नसल्यासारखं झालं. प्रियदर्शनीने राउटर बदलायला लावला, फोनच्या नेटवर चालवून पाहिलं, अँटिव्हायरस बंद केला, फोल्डर नावाऐवजी सर्व्हरच्या क्रमांकाने जोडून दिलं. दोन-चार मिनिटं सगळं सुरळीत चालायचं, मग फुली. नवल म्हणजे संध्याकाळ झाली की तक्रार आपोआप थांबायची.

हंबीरराव दारात येऊन उभे राहिले. कारखान्याचं कामकाज तेच बघत.

"झालं का तिचं?"

"बघतेय सर."

"आज न्हाय झालं तर उद्यापास्नं हितं येऊन बस म्हणावं. न्हाय जमत तर दुसरं माणूस बघू. पुण्याची ऑर्डर थांबलीया."

क्रांतीने ते ऐकलं असावं. "नंतर करते मॅडम," म्हणून तिने फोन ठेवला.

प्रियदर्शनीने क्रांतीच्या संगणकाची खिडकी बंद केली आणि सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. आत कोण कधी आलं, कुठून आलं, का बाहेर पडलं, ते सगळं तिथे असतं. इतके दिवस ती क्रांतीच्या घरातला दोष शोधत होती, त्यामुळे इकडे नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. एकच खातं दोन ठिकाणांहून आत येत होतं. ऑफिसात बसणाऱ्याला व्हीपीएन लागत नाही, पण त्या वाटेने एका खात्यावर एकालाच आत राहता येतं. दुसरा आला की पहिला बाहेर फेकला जातो. बाहेर पडलेला संगणक आपोआप पुन्हा आत शिरतो आणि दुसऱ्याला ढकलतो. दिवसभर हेच चालू होतं.

त्यातला एक पत्ता इचलकरंजीचा होता. दुसरा पाहिला आणि तिचा हात माउसवरच थांबला. तो पत्ता ओळखायला तिला काही शोधावं लागलं नाही. वर्षभर तिने तो रोज पाहिला होता.

गडमुडशिंगी. उदयसिंहचं घर.

उदयसिंह गेल्या उन्हाळ्यात वारला होता.

तो या कारखान्यातला सगळ्यात चांगला डिझायनर होता. किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं, तसा तो घरून काम करू लागला. तो गेल्यावर त्याच्या जागी क्रांती आली. नवीन खात्याला नवीन लायसन्स विकत घ्यावं लागतं, म्हणून हंबीरराव म्हणाले, तेच चालू खातं दे तिला. नियमाने निदान पासवर्ड तरी बदलायला हवा होता. तो बदलण्यासाठी प्रियदर्शनीने खिडकी उघडलीही होती. मग तशीच बंद केली आणि त्याने ठेवलेला पासवर्ड क्रांतीला सांगून टाकला. कारखान्याचा लॅपटॉपही त्याच्या घरीच राहिला. तो मागायला जायचं कुणाच्या तोंडातून निघालं नाही.

"लॅपटॉप कुणाच्या तरी हातात पडलाय," तिने सांगितलेलं ऐकून हंबीरराव म्हणाले. "हितनंच पासवर्ड बदल आणि मोकळी हो की."

"लॅपटॉप आणावा लागेल सर. त्यात जुन्या ड्रॉइंगच्या प्रती आहेत."

ती स्वतःच जाईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. तिलाही वाटलं नव्हतं.

गोकुळ शिरगाव मागे टाकून तिने स्कूटर आत वळवली. उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. त्याच्या आजारपणात ती इथे एकदाही आली नव्हती. काय म्हणून येणार? आवाजापुरतीच ओळख होती त्यांची. त्याआधी ऑफिसात दोघं आपापल्या खोलीत असत, जाता-येता मान हलवत, तेवढंच. बोलणं वाढलं ते तो घरी बसल्यावर, फोनवर.

घर गावाच्या कडेला होतं. पुढे गोठा, त्यात दोन म्हशी, बाजूला पत्र्याखाली वैरण कापायची कुट्टी मशीन. सयाजीराव, उदयसिंहचे वडील, हात पुसत बाहेर आले.

"कोण हाय?"

"मी कारखान्यातून आलेय. कॉम्प्युटरचं बघते मी. प्रियदर्शनी."

ते तिच्याकडे बघत राहिले.

"म्हंजे मगदूम मॅडम? फोनवरच्या?"

"हो."

"आवाजावरनंच वळखायला पायजे हुतं. या, आत या. घरात बाईमाणूस न्हाय बघा. ही लेकीकडं गेलीया. तिला हितं थांबवंना झालंय."

आतल्या खोलीत खिडकीपाशी टेबल होतं आणि टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्याच्या कोपऱ्यातलं व्हीपीएनचं कुलपाचं चिन्ह हिरवं होतं, म्हणजे जोडणी चालू होती. ती बघत असतानाच ते राखाडी झालं. सयाजीराव सवयीने पुढे झाले, खुर्चीत बसले आणि काही न करता थांबले. थोड्या वेळाने ते पुन्हा हिरवं झालं.

"आठ दिस झालं, असंच करतंय," ते म्हणाले. "त्या आधी न्हवतं."

इचलकरंजीत या क्षणी क्रांतीच्या पडद्यावर फुली आली असणार. 

"काका, तुम्ही हे रोज लावता?"

"त्यानंच शिकवलंय. शेवटी शेवटी त्याला सकाळी उठवत न्हवतं. म्हणायचा, आबा, तेवढं लावून हिरवं करून ठेवा, मी येतो. डेअरीला दूध घालून आलो की लावायचो. अजून लावतो." त्यांनी टेबलावरची धूळ तळहाताने पुसली. धूळ नव्हतीच. "सांजच्याला झाकण मिटतो."

मग काहीतरी आठवल्यासारखे ते म्हणाले, "तुमी लई सोसलंत त्याचं. रोज फोन, रोज फोल्डर गेलं म्हणून."

"ते कामच होतं माझं. इथलं कनेक्शन फार जायचं तेव्हा. मला शेवटपर्यंत कारण सापडलं नाही त्याचं."

"जायचं की. पयल्यांदा जायचं. मग त्यानं ती वायर बदलून घेतली. त्यानंतर कुठं गेलंय?"

ती त्यांच्याकडे बघू लागली. ते खिडकीबाहेर बघत होते.

"मी हितंच कॉटवर बसलेला असायचो. फोन स्पीकरवर असायचा, त्याला हातात धरवत न्हवता. हिरवं असायचं तवा बी लावायचा. म्हणायचा, मॅडम, फोल्डर गेलं बघा."

प्रियदर्शनीला ते फोन आठवले. ती त्याला मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगायची. मशीन सुरू होईपर्यंत वेळ जायचा. त्या वेळात काहीतरी बोलायचं म्हणून तो विचारायचा, तुमच्या कुरुंदवाडच्या घाटावर पाणी कुठवर आलं, आईचा गुडघा काय म्हणतो, आज डब्यात काय आणलंय. तिला वाटायचं, बिचारा, आजारी माणूस, त्यात ह्या नेटचा ताप. त्याचं कनेक्शन सुधारावं म्हणून ती इंटरनेट कंपनीच्या लोकांशी भांडली होती. एका रविवारी घरी बसून तिने त्याच्यासाठी सगळ्या सेटिंग पुन्हा लिहून काढल्या होत्या. ‘आता जाणार नाही बघा,’ असं तिने सोमवारी सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं होतं, ‘गेलं तर फोन करू ना?’

"एकदा म्या म्हटलं," सयाजीराव खालच्या आवाजात म्हणाले, "कुरुंदवाडला जाऊन बोलून बघू का मगदूमांच्या घरात? पोरगी जैनाची असंना का. आमचं काय न्हाय. तर म्हणला, आबा, आधी बरा होतो, मग जाऊया."

बाहेर म्हशीने साखळी ओढली. 

"तुमी लॅपटॉप न्यायला आलाय न्हवं?"

तिने मान हलवली.

"थांबा, एक दावतो." त्यांनी एका बोटाने हळूहळू फोल्डर उघडलं, त्यातलं एक ड्रॉइंग उघडलं. पंपाची बॉडी. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं. "मला इंग्लिश येत न्हाय. पर हे नाव वळखतो. आन ही तारीख. कालची हाय की न्हाय?"

"हो. कालचीच."

"तो गेल्यावर लई दिस नवीन कायच न्हवतं. मग एक दिस बघतो तर नवीन चित्र, खाली त्याचं नाव. मग रोजच. आता मी काय खुळा न्हाय मॅडम. माझ्या हातानं पोचवलंय त्याला. पर नाव तर त्याचंच हाय. कुणाला इचारलं न्हाय. इचारलं की बंद हुईल, असं वाटायचं."

चौकटीत नाव आपोआप पडतं. ज्याचं खातं, त्याचं नाव. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. तिला ते वाक्य सांगायला फार वेळ लागला. एक मुलगी आहे काका, क्रांती तिचं नाव. उदयसिंहांच्या जागी आलीये. मीच तिला त्यांचं खातं दिलं. हे काम तिचं आहे.

सयाजीराव ऐकत होते. बोट अजून नावावरच होतं.

"कुठली?"

"इचलकरंजीची. घरी लहान बाळ आहे. तुम्ही इथे लावलं की तिचं तिकडे बंद पडतं. काम होत नाही म्हणून साहेब..." ती थांबली.

"तिला काढत्यात?"

"बघू म्हणालेत."

त्यांनी बोट काढून घेतलं. मग ड्रॉइंगकडे पुन्हा एकदा पाहिलं, आता जरा लांबून, अनोळखी माणसाच्या वस्तूकडे बघावं तसं.

"काम चांगलं करती का?"

"चांगलं करते."

"आन नाव माझ्या पोराचं पडतंय. हे बरं न्हवं, पोरी. तिचं नाव घाल तिथं."

तिने फोन काढला आणि क्रांतीला सांगितलं, आज तू लॉगिन करू नकोस, दोष सापडलाय, उद्या सकाळी तुझ्या स्वतःच्या नावाचं खातं मिळेल, हंबीररावांशी मी बोलते. "माझ्याकडचंच काही चुकत होतं का मॅडम?" क्रांतीने विचारलं. "नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "तुझं काहीच चुकत नव्हतं."

कोपऱ्यातलं चिन्ह हिरवं झालं आणि हिरवंच राहिलं. सयाजीराव त्याच्याकडे बघत होते.

"आज जाईना बघा," ते म्हणाले.

"आता नाही जाणार."

ते खुर्चीवरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उभे राहिले आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तू बस आता जरा. लई दिस मीच बसलोय. नेणार हाईस ते बसल्यावर ने. मला म्हसरांची वैरण करायची हाय."

"काका, मला..."

"बस म्हणतोय की."

त्यांनी जाताना दार ओढून घेतलं. ती बसली. खुर्चीवरची उशी मधोमध दबलेली होती. भिंतीला लागून कॉट होती, त्यावर चादर घडी घालून ठेवली होती. इथून, कॉटवरच्या बापासमोर, हिरव्या चिन्हाकडे बघत त्याने नंबर लावला असेल. तिने कुठल्याही बटणाला हात लावला नाही. ओठ घट्ट मिटून ती बसून राहिली. घर परकं होतं, भिंती पातळ होत्या.

तेवढ्यात बाहेर कुट्टी मशीन सुरू झाली. खडखडाटाने खिडकीची तावदानं थरथरू लागली. कडब्याच्या पेंढ्या आत सरकत होत्या, कापल्या जात होत्या. त्या आवाजात दुसरं काहीच ऐकू येण्यासारखं नव्हतं. प्रियदर्शनीने दोन्ही हात तोंडावर नेले, मग बाजूला घेतले. तो गेल्याचं कळलं त्या दिवशी ती ऑफिसात होती आणि तिथे रडायला तिचं त्याच्याशी काही नातं नव्हतं. ती आता रडली, मोठ्याने, कधी रडली नव्हती तशी.

पेंढ्या संपल्याचं तिला मशीनच्या आवाजावरून कळलं. पातं मोकळं फिरत होतं. वैरण केव्हाच कापून झाली होती. तरी सयाजीरावांनी मशीन बंद केली नाही. रिकामी मशीन बराच वेळ तशीच चालत राहिली.