उष्टी कांडी

लग्नानंतर नवऱ्याशी मी जे काही बोलले, ते अख्ख्या घराने ऐकलं. रणवीर लडाखला, बर्फातल्या चौकीवर. रविवारी त्याची पाळी आली की फोन यायचा, आणि बडोद्यात निजामपुऱ्यातल्या आमच्या बैठकीत सासरे, आबासाहेब, लगेच स्पीकर लावायचे. फौजी घराण्याची शिस्त! आबासाहेब खुर्चीत, सासूबाई म्हणजे आईसाहेब सोफ्यावर आणि मी दाराशी. मी विचारायची, "अहो, बरे आहात ना?" तो म्हणायचा, "हो, आहे." संपला संसार.

एका रविवारी तो म्हणाला, "थंडीचं काही नाही, पण बर्फावरून उलटून येणारं ऊन ओठ जाळतंय. जेवतानाही रक्त येतं."

"बेंबीत दोन थेंब तूप सोड," आबासाहेब म्हणाले. कपड्यांच्या तेवढ्या थरांखाली बेंबी शोधायची कुणी, हे विचारायची माझी टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दुकान गाठलं. बडोद्यात तेव्हा परदेशी माल ठेवणारी दुकानं नुकतीच वाढली होती. चेरीची, स्ट्रॉबेरीची, चकचकणारी, ओठांना लावायच्या मलमाची एकेक कांडी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. गोड एकही नको होती. रणवीरला ओठ चाटायची सवय. गोड लावलं तर तासाभरात पोटात. हे मला ठाऊक आहे आणि आईसाहेबांना नाही, याचा तिथे उभ्या उभ्या मला केवढा आनंद झाला! शेवटी झिंक ऑक्साइडची एक सापडली, बिनवासाची. ओठांवर थर धरून बसते आणि ऊन परतवून लावते.

"बेन, आनाथी होठ धोळा देखाशे," ओठ पांढरे दिसतील म्हणून दुकानदाराने बजावलं.

"भले देखाय," दिसले तर दिसू देत, मी म्हटलं.

घरी दार लावून मी ती उघडली आणि स्वतःच्या ओठांवर फिरवली. आरशात पाहिलं तर ताक पिऊन आल्यासारखी दिसत होते. पुन्हा एकदा फिरवली. टोक माझ्या ओठांनी झिजलं, तशीच झाकण लावून पार्सलमध्ये ठेवली. लग्नात उष्टा घास भरवताना सगळा मांडव हसत होता. हा घास फक्त आमचा होता.

पण शिवण्याआधी पार्सल तपासायची आईसाहेबांची पद्धत. संध्याकाळी स्वयंपाकघरातून बाहेर येते तो आबासाहेब घामाघूम, गड जिंकल्यासारखे उभे. "तो दुकानदार वापरलेला माल गळ्यात मारत होता! चांगला झापला आणि बदलून आणली. पोराला उष्टं पाठवायचं?" आईसाहेबांनी ती कोरी करकरीत कांडी आत टाकून कापड शिवलंसुद्धा. बोलणार काय, कपाळ?

मग त्याची इतकी आठवण येऊ लागली की जेवण जाईना. नुसती आठवण नव्हे. तो हवा होता, शेजारी, ओठ चाटायच्या सवयीसकट.

पुढे फोन आला. "पार्सल मिळालं. औषध झकास आहे."

"अहो, जाड लावा. चहा झाला की पुन्हा लावा," मी दारातून म्हटलं.

"हो. आमच्या सगळ्या तुकडीने लावलं. एकच कांडी फिरते इथे."

आबासाहेब खूश होऊन हसले, आणि माझं डोकं सटकलं.

"रणवीर, ती मी पाठवलेली नाहीच!" मी फोनवर ओरडले. "मी माझ्या ओठांना लावून तुला पाठवत होते रे. मुद्दाम! यांनी बदलून आणली. मला तू हवा आहेस, कळलं?"

आबासाहेबांनी मान खाली घातली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

आईसाहेब उठल्या. "अहो, चला. त्या दुकानदाराची माफी मागून येऊ."

"आत्ता?"

"आत्ताच."

त्यांनी रिसीव्हर उचलून माझ्या हातात दिला, स्पीकर बंद केला आणि आबासाहेबांना पुढे घालून बाहेर पडल्या. जाताना दार ओढून घेतलं.

"गेले सगळे?" रणवीरने हळूच विचारलं.

"गेले."

"मग बोल ना."

इतके महिने साठवलेलं सगळं तोंडाशी आलं, आणि मी नुसती रडत राहिले. तो ऐकत राहिला, फोनची पाळी संपेपर्यंत.