रोजची पानं

बारामतीच्या एमआयडीसीत कडबाकुट्टी यंत्रं बनवणारा एक कारखाना होता आणि श्यामला त्याच्या माहितीपुस्तिका लिहायची. सोळा मॉडेलं, तीन भाषा, म्हणजे अठ्ठेचाळीस पुस्तिका आणि तेवढ्याच फायली. एक वाक्य बदलायचं तर अठ्ठेचाळीस वेळा चिकटवा आणि घसरलेली चित्रं पुन्हा जागेवर बसवा. आठवडा त्यातच जायचा. साहेब, म्हणजे नीळकंठराव, मात्र खूश असत. ते काम पानांवर मोजत, आणि या चिकटवाचिकटवीत तिची रोजची पानं चाळीसच्या खाली येत नसत. पाट्या टाकणाऱ्याला शाबासकी मिळते ती अशी.

एकदा लिहिलेलं वाक्य सगळ्या पुस्तिकांत आपोआप जाईल असं सॉफ्टवेअर तिनं दोनदा मागितलं. "आहे त्यात काय वाईट आहे?" हे उत्तरही दोनदा मिळालं.

यंदा सगळ्या मॉडेलांना जास्त जड पातं बसवलं. बंद केल्यावर ते थांबायला तीस सेकंद लागू लागले, म्हणून 'दहा मोजा' या इशाऱ्याचं तिनं 'तीस मोजा' केलं. अठ्ठेचाळीस ठिकाणी, असं तिला वाटलं.

महिन्याभरानं ती फोटो काढायला इंदापूर तालुक्यात कळसला, प्रयागबाईंच्या गोठ्यावर गेली. म्हातारीच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. बांगड्या फक्त डाव्या हातात.

"वैरण अडकली व्हती. मशीन बंद क्येली, पुस्तकात हाय तसं धा मोजलं आन् हात घातला. बांगड्या गेल्या, हात वाचला. मीच भरभर मोजलं आसंल, पोरी."

श्यामलानं खिळ्याला टांगलेली पुस्तिका उघडली. दहा. एक फाईल राहून गेली होती.

"तुम्ही बरोबरच मोजलंत, मावशी. चूक माझी आहे." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं मोठं 'तीस' लिहून ती पुस्तिका घेऊन परतली.

"एखादी फाईल राहतेच," सगळं ऐकून नीळकंठराव म्हणाले. तिथंच तिचं डोकं फिरलं.

तिनं कुणालाही न विचारता त्या सॉफ्टवेअरची महिन्याची फुकट प्रत घेतली आणि सगळ्या पुस्तिका त्यात हलवल्या. नोंदवहीत मात्र खरं तेच लिहिलं. तीन आठवडे शून्य. मग इशाऱ्याचं पान एकदाच लिहिलं, ते अठ्ठेचाळीस पुस्तिकांत गेलं, आणि तिनं लिहिलं: एक.

नीळकंठरावांनी बोलावलं आणि तिनं काय केलं ते ऐकून घेतलं. "तीन आठवड्यांत एक पान? उद्यापासून जुन्या फायलींवर काम करा, नाहीतर दुसरी नोकरी बघा."

"करते," श्यामला म्हणाली. "पण शेवटच्या पानावर 'तपासले' म्हणून माझी सही असते, ती यापुढं नसेल. तुम्ही करा." तिनं अठ्ठेचाळीस पुस्तिकांचा गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. सगळ्यात वर कळसची होती.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुस्तिका उघडली. 'दहा मोजा' या ओळीवर प्रयागबाईंचं शेणानं माखलेलं बोट फिरल्याची खूण होती. अक्षर अक्षर लावत वाचलं होतं म्हातारीनं. नीळकंठरावांनी त्या ओळीवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग सही न करताच त्यांनी टोपण परत लावलं. "नव्यातच चालू ठेवा."

श्यामला जागेवर गेली, नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुढचं पान लिहिलं आणि त्या दिवसाची नोंद केली. पानं: एक.