बारावी घंटी

बारावी घंटी तिने मुद्दामच वाजवली नाही.

मोठ्या तळ्याच्या बांधावरून रस्ता उजवीकडे वळतो, तिथे बाबा एक पाय जमिनीला टेकून उभे होते. पाठ सगळ्यांकडे, तोंड पुढच्या रस्त्याकडे. त्यांच्या कॅरिअरला बांधलेलं लाल निशाण वाऱ्यावर फडफडत होतं. एकतीस वर्षं ते लोकांना सायकलवरून ही फेरी घडवत आले होते. तीन तळी, दोन किल्ले, अठरा किलोमीटर, घाई अजिबात नाही. नियम मात्र एकच. प्रत्येक वळणावर मागच्यांनी एकेकाने घंटी वाजवायची आणि बाबांनी न बघता मोजायची. "मान वळली की हँडल वळतं," ते म्हणायचे. "पुढच्याने पुढेच बघावं."

आज मागे बाराजण होते. दहा पाहुणे, अकरावी तिची नऊ वर्षांची मुलगी चिमणी, आणि सगळ्यांत शेवटी ती.

अकरा घंट्या वाजल्या. तिचा अंगठा घंटीवर तसाच राहिला.

"बारा!" बाबा म्हणाले. "चला मंडळी."

"काका, तुमचे कान म्हणजे सोनाराचा काटा!" एक जाडजूड पाहुणे मोठ्या कौतुकाने ओरडले. बाबांनी मागे न बघता पेडल मारलं.

घरात दाराची बेल तीनतीनदा वाजायची, तरी बाबा पेपर वाचत बसलेले असायचे. विचारलं की उलट तिलाच, "तू पुटपुटतेस फार." नवरा म्हणाला होता, "सरळ सांगून टाक त्यांना, आता पुरे." सांगणं काय, जिभेला हाड नसतं. पण पहाटे उठून बारा सायकलींच्या साखळ्यांना तेल घालणाऱ्या, आई गेल्यावर आठव्या दिवशी फेरीला निघालेल्या माणसाला 'पुरे' कसं म्हणायचं? चिमणी हट्टाने आली म्हणून तीही आली होती, डोळ्यांत तेल घालून बघायला. आणि आता दिसलं होतं, तरी ती गप्प बसली.

पहिल्या किल्ल्याच्या खंदकापाशी चिमणी ओरडली, "आई, पेडल नुसतंच फिरतंय!"

साखळी पडली होती. पाहुण्यांची रांग बुरुजाआड वळली. चिमणीने घंटी दाबली, पुन्हा दाबली, मग दाबतच राहिली. पलीकडून एकामागून एक दहा घंट्या ऐकू आल्या.

"बाबा, थांबा!"

"बारा!" बुरुजापलीकडून खणखणीत आवाज आला. "चला मंडळी."

तेवढ्यात वळणावरून ट्रॅक्टर आला, वर लाकडांची मोळी. रस्ता इतका अरुंद की तिने चिमणीला दंडाला धरून भिंतीकडे ओढलं. एक फांदी चिमणीच्या केसांना घासून गेली.

साखळी चढवून दोघी दुसऱ्या किल्ल्याच्या दरवाजाशी पोचल्या, तेव्हा बाबा पाहुण्यांना सांगत होते, "शत्रूला तीन महिन्यांत जी भिंत पाडता आली नाही, ती डागडुजीवाल्यांनी तीन दिवसांत पाडली!" सगळे हसले. बाबाही हसले आणि तिचे काळे हात बघून थांबले.

तिने त्यांना बाजूला नेलं. आपले ओठ दिसतील अशी समोर उभी राहिली.

"हिची साखळी पडली होती, बाबा. आम्ही दोघी मागे होतो. तुम्ही बारा म्हणालात."

बाबांनी चिमणीच्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन वर्षं होतील."

"मग मोजता कसं?"

"मोजतो कुठे." ते हसायला गेले, जमलं नाही. "बारा घंट्यांना किती वेळ लागतो ते अंगात मुरलंय गं. तेवढं थांबतो आणि बारा म्हणतो. कोणी मागे राहिलंच नव्हतं आजवर."

"आजोबा, मी खूप जोरात वाजवली होती," चिमणी म्हणाली.

"काय म्हणतेय?"

"पाणी हवंय म्हणतेय."

बाबांनी चिमणीच्या हाताकडे पाहिलं. बोलताना तिचा अंगठा हवेतच घंटी दाबत होता.

ते वाकले आणि कॅरिअरची गाठ सोडू लागले. गाठ वर्षानुवर्षांची; बोटांना दाद देईना. तिने मदतीला हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला. मग ते निशाण तिच्या सायकलीला बांधलं, दोनदा ओढून पाहिलं.

"बाबा, मला नाही जमणार."

"माझ्या पुढच्या दांडीवर बसून शंभरदा आली आहेस. मी शेवटी राहतो, चिमणीच्या मागे. मागच्याने ऐकायचं नसतं, बघायचं असतं. बारा झाले की हात वर कर, डोळे अजून शाबूत आहेत." पाहुण्यांकडे वळून ते म्हणाले, "मंडळी, आता या बाई पुढे. माझ्यापेक्षा कडक आहेत!"

तिसऱ्या तळ्याच्या वळणावर तिने पाय टेकला. मान वळवली नाही. घंट्या सुरू झाल्या. दहावीनंतर अकरावी, दोनदा वाजलेली, म्हणजे चिमणी. मग बारावी.

ती घंटी थांबेना. वाजली की नाही हे वाजवणाऱ्याला कळत नव्हतं. समोर पाणी निश्चल होतं, त्यात किल्ला उलटा पडला होता, आणि घंटी वाजतच होती. मागून दोन शाबूत डोळे तिच्या हाताची वाट बघत असणार, हे तिला पाठीवर जाणवत होतं.

तिने हात वर करायला जरा उशीरच लावला.