नेविओचा पायगुण

आमच्या गावचा संघ सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये चढला तेव्हा माझा दीर नेविओ माझ्या बारमध्ये ढसाढसा रडला. साठीचा माणूस, जन्मभर एवढंच मागत होता. आणि त्यालाच आमच्या लोकांनी जवळजवळ हंगामभर सामना बघू दिला नाही!

मैदानाची दुरुस्ती चालू होती, म्हणून सगळे सामने परगावी नि आम्ही टीव्हीसमोर. सुरुवातीचे सामने नेविओ इथे बसून बघायचा आणि आम्ही हरायचो. एकदा दाढ दुखली म्हणून आला नाही, तर जिंकलो. मग काय, ग्वाल्तिएरो, निवृत्त बस ड्रायव्हर आणि आमचा स्वयंघोषित पंच, म्हणाला, याचाच पायगुण. तेव्हापासून सामना सुरू झाला की नेविओनं बाहेर. बाकीच्यांनी जिंकलेल्या दिवशीच्याच जागा धरायच्या, तेच शर्ट घालायचे, आणि मी काउंटरमागून हलायचं नाही. मूर्खपणा सगळा. पण माझाही अर्धा विश्वास होता, खोटं कशाला बोलू?

नेविओनं वादसुद्धा घातला नाही. निमूट उठून जायचा. हा जातो कुठे, याचं मला वर्षभर कुतूहल. विचारलं तर म्हणायचा, काम आहे वहिनी. रविवारी दुपारी कसलं डोंबलाचं काम? एखादी बाई असेल असंही वाटून गेलं. असती तर बरंच झालं असतं.

मे महिन्यात शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तरी वरच्या लीगमध्ये टिकत होतो. मध्यंतराला एक-एक. माझ्या डोक्यात तेच: आत्ता नेविओ काय करत असेल? शेवटी राहवेना. एप्रन काढला आणि मागच्या दारानं निघाले.

नदीकाठी त्याचा भाजीचा मळा आहे. लांबूनच फटफट ऐकू आली. जमीन उकरायचं पेट्रोलचं यंत्र घेऊन तो एकाच रिकाम्या तुकड्यात येरझाऱ्या घालत होता. तिथली माती पिठासारखी झाली होती. मला बघून त्यानं यंत्र बंद केलं नाही, त्या फटफटीतच ओरडून म्हणाला, "गावात आरडाओरडा झाला की गोल कळतो, वहिनी. तेवढंही कानावर पडायला नको." काय करून ठेवलं होतं आम्ही या माणसाचं.

परत आले तर सामना संपला होता. शेवटी शेवटी गोल खाल्ला होता. खालच्या लीगमध्ये गेलो. ग्वाल्तिएरो म्हणत होता, त्या पनवतीनं कुठेतरी रेडिओ लावला असणार. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, त्यानं काही ऐकलेलं नाही, मी स्वतः बघून आले.

"बघून आलीस?" ग्वाल्तिएरो हळूच म्हणाला. "म्हणजे इल्दे, गोल झाला तेव्हा तू इथे नव्हतीस?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी काहीतरी सबब सांगणार, तेवढ्यात दारात नेविओ दिसला. बूट मातीनं भरलेले. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मग पनवती मी नव्हतो?" त्यानं विचारलं.

"नाही भावजी," मी म्हटलं. "मीच."

ग्वाल्तिएरोनं स्वतः त्याला हाताला धरून आत नेलं. टीव्हीवर आमचे हंगामातले सगळे गोल दाखवायला लागले होते. नेविओ त्यातले बहुतेक पहिल्यांदाच बघत होता. बाकीचे डोळे पुसत होते आणि हा दर गोलला उठून टाळ्या वाजवत होता. मला मात्र माझ्याच बारमधून रस्त्यावर काढलं होतं. ग्वाल्तिएरो म्हणाला, हिला आत ठेवलं तर झालेले गोलसुद्धा रद्द होतील.