राहून गेलेला ‘एन’

छापखान्यात त्यांना सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. तेही पाठीमागे नव्हे, चक्क तोंडावर, कारण त्यांना ते आवडायचं. मुद्रितं तपासण्यात उभी नोकरी गेली. माणूस निवृत्त झाला, सवय काही झाली नाही. औषधाच्या बाटलीवर ऱ्हस्वाचं दीर्घ दिसलं की अंगठा आपोआप तर्जनीवर घासला जायचा, जसं काही तिथे लाल पेन धरलेलंच आहे. लग्नाला गेले की आधी पत्रिका वाचत, मग नवरानवरीकडे बघत.

बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिची सवय नेमकी उलटी. कानावर पडेल ते जसंच्या तसं पुढे द्यायचं, मध्ये आपली अक्कल घालायची नाही. या दोन सवयी एका छपराखाली वर्षानुवर्षं सुखाने नांदल्या, कारण दोघांना मिळून एक काम करायची वेळच आली नव्हती. ती आणली तिसऱ्या खंडाने.

औषधी वनस्पतींवर एका डॉक्टरबाईंनी तीन खंडांचा ग्रंथ लिहिला होता. पहिले दोन कानामात्रांनी घरी बसून, कागदावर तपासले. तिसऱ्याच्या वेळी छापखान्याच्या मॅनेजरचा फोन आला.

“मास्तर, आता कागद बंद. फाइल पाठवतोय. तुमच्याकडे उघडली तर खंड तुमचा. नाहीतर एक एजन्सी मागेच लागलीय. शनिवारी संध्याकाळी विचारतो.”

दोन खंड वाचून तिसरा दुसऱ्याच्या हाती जायचा, म्हणजे भरल्या ताटावरून उठवल्यासारखंच. फाइल बायकोच्या फोनवर उघडून पाहिली, पण तिथे काना दिसला तर मात्रा दिसेना. मुलगी सासरी जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेली होती, तो कपाटातून काढला. बटण दाबलं की तो थोडा वेळ घुरघुरायचा आणि तोंड काळं करून बसायचा.

बायकोची भाची कॉलेजात कम्प्युटर शिकवायची. ती फोनवर म्हणाली, “काका, त्यात लिनक्स टाका, मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि म्हाताऱ्या मशीनवरसुद्धा पळतं.”

“म्हातारं कोणाला म्हणतेस?”

“मशीनला, काका.”

तिने एक पेनड्राइव्ह तयार करून पाठवला. त्यात लिनक्सची मोठी फाइल नुसती उतरवायची, लॅपटॉपला लावायचा आणि सांगेल तसं करत जायचं. फाइल उतरवायला जवळच्या वाचनालयातला कम्प्युटर होता, त्याच्यावर लिनक्स आधीपासूनच होतं. कुठल्या ओळी टाइप करायच्या ते तिने मावशीच्या फोनवर धाडलं. “माऊसने कुठे टिचक्या मारल्यात ते मला इथून कळत नाही. लिहून करा, म्हणजे चूक सापडते,” असंही बजावलं.

चूक सापडते, हे वाक्य कानामात्रांना फार आवडलं.

गुरुवारी दोघं वाचनालयात जाऊन बसली. तिथे बोलायला बंदी, म्हणून ती कुजबुजत एकेक अक्षर सांगे आणि हे एका बोटाने टिपत. ग्रंथपालबाई चष्म्यावरून दोनदा बघून गेल्या. फाइल उतरली, पेनड्राइव्हवर गेली. पेनड्राइव्ह काढायच्या आधीची शेवटची ओळ राहिली.

“यू, एम, ओ, यू, एन, टी,” बायको म्हणाली.

“थांब. यूच्या पुढे एन राहिला.”

“इथे एन नाही.”

“नसणारच. राहिलाय म्हणतोय ना मी! माउंट म्हणजे चढवणं, त्याच्या उलट अनमाउंट. यू-एन-एम. शाळेतलं पोरगं सांगेल.”

“तिने लिहिलंय ते मी वाचतेय.”

“घाईत लिहिलंय. आठवीत तिचे निबंध मीच तपासायचो, तेव्हापासून तिची अक्षरं गळतात.”

त्यांनी एन घातला आणि बटण दाबलं. अशी आज्ञाच नाही, असं कम्प्युटरने सांगितलं.

“बघितलंस? शुद्ध लिहूनही नाही म्हणतोय. म्हणजे ही ओळ या मशीनला लागू नसणार.”

आपली दुरुस्तीच चुकली असेल अशी शंका त्यांना आली नाही. यायची सवयच नव्हती तिला. त्यांनी पेनड्राइव्ह ओढून काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. बायकोने फोन पर्समध्ये ठेवला. एक्स्चेंजमध्ये असताना तिने असे कितीतरी संवाद ऐकले होते. मध्ये बोलायचं नसतं.

शुक्रवारी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. पेनड्राइव्ह लावला आणि काय आश्चर्य, पडदा उजळला! भाषा विचारली, शहर विचारलं, नाव विचारलं. कानामात्रा पाहुण्याशी बोलावं तशा अदबीने उत्तरं देत गेले. मग एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली, अर्ध्याच्या जरा पुढे गेली आणि थांबली. एक पॅकेज खराब आहे, ते वाचता येत नाही, असा निरोप आला.

पुन्हा पहिल्यापासून केलं. पट्टी पुन्हा त्याच जागी अडली.

लिनक्स ही एक अखंड वस्तू नाही, लहानलहान गाठोड्यांची रास आहे, आणि या गाठोड्यांना पॅकेज म्हणतात, हे भाचीने आधीच सांगितलं होतं. एकात अक्षरांचे ठसे, एकात छपाईची सोय, एकात आवाज. कानामात्रांनी आपल्या परीने अर्थ लावला. “पुस्तक बांधलंय, पण मधला सोळा पानांचा एक फर्मा फाटका आलाय.”

“मग फाटका कुठे झाला ते शोधा की.”

“लॅपटॉप जुना आहे. नाहीतर हा पेनड्राइव्ह भिकार आहे. नाहीतर तुझ्या भाचीने...”

“आमच्या घराण्यापर्यंत पोचायच्या आत तिला फोन लावा.”

“कशाला त्रास द्यायचा तिला?”

“म्हणजे मीच लावायचा,” असं म्हणून तिने लावलाही.

भाचीने शांतपणे ऐकून घेतलं. “काका, आधी फाइल तपासू. प्रत्येक फाइलीचा एक ठसा निघतो, अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ. फाइलीत कुठे एक टिंब जरी इकडचं तिकडे झालं, तरी सगळा ठसा बदलतो. जिथून फाइल घेतली तिथे खरा ठसा छापलेला असतो. तुमचा त्याच्याशी जुळतो का बघा.”

कानामात्रांचा अंगठा तर्जनीवर घासला जाऊ लागला.

“काका? आहात ना?”

“आहे गं. एक टिंब जरी म्हणालीस ना? असं काही जगात आहे आणि मला उभ्या नोकरीत कोणी सांगितलं नाही!”

शनिवारी वाचनालय उघडायच्या आधीच दोघं दारात उभी होती. वाचनालयातल्या कम्प्युटरवरच्या फाइलीचा ठसा काढला. बायको खरा ठसा कुजबुजत वाचू लागली, जुन्या ऑपरेटरच्या लयीत, चार अक्षरं आणि दम, चार अक्षरं आणि दम. हे पडद्यावर बोट ठेवून ‘हं’ म्हणत गेले. ओळीच्या टोकापर्यंत एकही अक्षर हललं नाही. मूळ फाइल खणखणीत होती.

मग पेनड्राइव्हवरच्या फाइलीचा ठसा काढला. बायकोने पहिलं अक्षर वाचलं.

“नाही,” हे म्हणाले.

“दुसरं वाचू?”

“राहू दे.”

दोघं व्हरांड्यात आली आणि भाचीला फोन लावला.

“म्हणजे पेनड्राइव्हवर उतरवताना बिघडली,” ती म्हणाली. “पेनड्राइव्ह काढायच्या आधी शेवटची ओळ टाकली होतीत ना?”

“टाकली होती,” कानामात्रा जरा घाईने म्हणाले. “तो म्हणाला, अशी आज्ञाच नाही.”

“असं कसं? काय टाइप केलंत?”

आता बायकोने फोन हातात घेतला. गुरुवारचं सगळं संभाषण, शाळेतल्या पोरग्यासकट आणि आठवीच्या निबंधासकट, तिने जसंच्या तसं पुढे दिलं. स्वतःचा एक शब्द घातला नाही. घालायची गरजही नव्हती.

पलीकडे बराच वेळ हसणं चाललं होतं. मग भाची म्हणाली, “काका, त्या शब्दात एन नाहीच. माझ्या जन्माच्या आधीपासून तो तसाच आहे.”

“म्हणजे चुकीचाच आहे.”

“असेल चुकीचा. पण हाक त्याच नावाने मारली तर ओ देतो.”

कानामात्रांनी व्हरांड्याच्या कठड्यावर हात टेकले.

“फाइल गेली असं कम्प्युटर सांगतो ना, तेव्हा थोडी अजून त्याच्याच हातात असते,” ती समजावू लागली. “ही ओळ टाकली की उरलेलं तो खाली ठेवतो आणि मग तुम्हाला जा म्हणतो. तुम्ही त्याच्या हातात माल असतानाच हिसकावून आणलंत.”

“मग आधी सांगायचंस तसं!”

“मी लिहिलं होतं, काका. तुम्ही दुरुस्त केलंत.”

कानामात्रांनी कठड्यावरचे हात उचलले.

आत जाऊन फाइल पेनड्राइव्हवर नव्याने उतरवली. शेवटची ओळ आली. यू टाइप झाला. बोट एनवर जाऊन थबकलं आणि तिथेच घोटाळत राहिलं. बायकोने मान फिरवून मासिकांच्या कपाटाकडे बघितलं, म्हणजे बोटाला एकांत मिळाला. मग एम टाइप झाला.

कम्प्युटर चकार शब्द बोलला नाही. बराच वेळ तसाच राहिला, मग खाली नवी ओळ मागितली. पेनड्राइव्ह काढला, परत लावला, ठसा काढला, वाचला. या खेपेला जुळला.

दुपारी टेबलावर निळी पट्टी परत निघाली. अर्ध्याच्या पुढच्या त्या जागी ती पोचली तेव्हा दोघंही चहाचा कप हातात धरून बसली होती, कोणी प्यायलं नाही. पट्टी तिथे थांबली, आणि मग पुढे सरकली.

“चहा निवला,” बायको म्हणाली.

“निवू दे.”

लॅपटॉप नव्या नावाने सुरू झाला. बायकोच्या फोनचं इंटरनेट त्याला जोडलं, मॅनेजरची फाइल मागवली आणि उघडली. पडद्यावर पान आलं, हाताच्या पंजापेक्षा मोठं, काना मात्रा वेलांटी सगळं स्वच्छ. कानामात्रांनी खुर्ची पुढे ओढली. बायको दुसरा चहा टाकायला उठली ते त्यांना कळलंही नाही.

ऊन उतरता उतरता फोन वाजला. बायकोने तो त्यांच्या कानाला लावून दिला.

“मास्तर, मॅनेजर बोलतोय. काय झालं? त्या एजन्सीवाल्याला आज सांगायचंय.”

“पहिल्या पानाच्या मथळ्यात ‘खंड दुसरा’ पडलंय. तिसरा हवा.”

“अहो, मी...”

“आणि पान चारवर झाडाची पानं समोरासमोर फुटतात असं लिहिलंय. शेजारच्या चित्रात ती एकाआड एक आहेत. डॉक्टरबाईंना विचारा. मी हात लावलेला नाही.”

“मास्तर! मी एवढंच विचारत होतो, की फाइल उघडली का?”

“न उघडता शंका येतील का?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“ठीक आहे,” मॅनेजर म्हणाला. “पुढची प्रकरणं सोमवारी पाठवतो. एजन्सीला मी कळवतो.”